एका रेषेत उमटलेले ख्रिस्तमुख



क्रूसाच्या वाटेवरील सहावे स्थान आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. कालवारीच्या चढणीवर वेरोनिका गर्दीतून वाट काढत पुढे येते, घामाने व रक्ताने माखलेले प्रभूचे मुख आपल्या कापडाने पुसते आणि त्या कापडावर प्रभूची मुखाकृती उमटते. शुभवर्तमानांत हा प्रसंग आढळत नाही. ख्रिस्तसभेच्या परंपरेने तो जपला, आणि पिढ्यान् पिढ्या भाविक त्या स्थानापाशी गुडघे टेकत आले.

हा प्रसंग अनेक चित्रकारांनी रंगवला. त्यांत एक चित्र मात्र अगदी वेगळे आहे. त्यात रंग नाही, कुंचला नाही, आणि रेषाही एकच आहे. ती नाकाच्या शेंड्यावर सुरू होते आणि पाण्यात खडा टाकल्यावर वलये पसरावीत तशी गोल गोल फिरत बाहेर जाते. कोठेही न तुटता ती कागदाच्या कडेपर्यंत पोहोचते. त्या एका रेषेतच प्रभूचे डोळे, ओठ, दाढी, काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब आणि कापडाच्या घड्या सारे दिसते. हे चित्र इ. स. १६४९ मध्ये पॅरिसच्या लुव्हर राजवाड्यात तयार झाले. ते कोरणाऱ्या फ्रेंच कारागिराचे नाव क्लोद मेलाँ. आज त्यांच्या जीवनाची ओळख करून देण्याचे आम्ही योजले आहे.

आबव्हीलचा मुलगा

मेलाँ यांचा जन्म १५९८ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या उत्तरेस पिकार्दी प्रांतात, सोम नदीकाठच्या आबव्हील या गावी झाला. हे गाव पुढे कोरीव कारागिरांचे गाव म्हणून नावारूपाला आले. फ्रांस्वा द पोयी हे आणखी एक नामवंत कारागीर तेथलेच. तरुण मेलाँ शिकण्यासाठी पॅरिसला गेले. त्यांचे पहिले ज्ञात काम १६१९ चे आहे, म्हणजे तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

त्या काळी छायाचित्र नव्हते. एखादे थोर चित्र रोमच्या मंदिरात असेल, तर फ्रान्सच्या खेड्यातल्या माणसाला ते दिसावे कसे? पोप महोदयांचा किंवा राजाचा चेहरा लोकांना कळावा कसा? ते काम कोरीव चित्रांनी केले. एकदा तांब्याचा पत्रा कोरला की त्यावरून शेकडो प्रती निघत, आणि त्या पुस्तकांतून, मठांतून, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून देशोदेशी जात. आपल्या भूमीशीही या कलेचा जुना संबंध आहे. १५८० मध्ये गोव्याहून अकबर बादशहाच्या दरबारी गेलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी कोरीव चित्रे असलेले बायबल त्याला भेट दिले. त्या मंडळींचे प्रमुख होते धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा, जे पुढे १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे हुतात्मा झाले. मुघल दरबारातील चित्रकारांनी युरोपातून आलेली अशी चित्रे पाहून त्यांवरून आपली चित्रे काढली.

तांब्यावरची नांगरणी

या कलेचे काम कसे चालते हे समजल्याशिवाय मेलाँ यांचे मोल आपल्याला कळणार नाही. भांड्यांच्या दुकानात तांब्यावर किंवा ताटावर नाव घालून मिळते, ते आपण पाहिले आहे. हे काम त्याच जातीचे, पण फार सूक्ष्म. घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला तांब्याचा पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. कारागिराच्या हातात पोलादी कोरणी असते. तिची मूठ तळहातात बसते आणि टोक तिरके तासलेले असते. ती पेन्सिलीसारखी फिरवायची नसते, तर नांगरासारखी पुढे ढकलायची असते. वळणदार रेषा हवी असेल तर हात जवळजवळ स्थिर ठेवून उशीवरचा पत्राच फिरवायचा. जोर अधिक दिला की चर खोल व रुंद होते, जोर कमी केला की केसासारखी बारीक.

चर कोरून झाली की तिच्या कडेला उठलेली तांब्याची धार खरवडून काढतात. मग पत्र्यावर शाई चोळून चरांत भरतात, वरची शाई कापडाने व तळहाताने पुसून घेतात, त्यावर ओलसर कागद ठेवतात आणि लाटांच्या दाबयंत्रातून पत्रा व कागद एकत्र ढकलतात. दाबामुळे कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. चित्र उलटे उमटते, म्हणून अक्षरे कोरायची तर तीही उलटी कोरावी लागतात.

शाईने लिहिलेले खोडता येते. रंगावर दुसरा रंग चढवता येतो. तांब्यावरची चूक मात्र सहज जात नाही. ती काढायची तर तेथला पत्रा खरवडायचा, मागून हलक्या हाताने ठोकून वर उचलायचा, पुन्हा घासून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा कोरायचा. म्हणून या कामात हाताइतकेच मनही शांत असावे लागते.

रोममधील वर्षे

१६२४ मध्ये मेलाँ रोमला पोहोचले. तेथे फ्रांचेस्को व्हिल्लामेना या नावाजलेल्या कारागिराकडे ते शिकू लागले, पण गुरू त्याच वर्षी निवर्तले. त्यानंतर त्यांना आधार मिळाला तो रोममध्ये राहणाऱ्या सिमों व्हुए या फ्रेंच चित्रकाराचा. व्हुए यांनी त्यांना चित्र रेखाटण्यावर भर देण्यास सांगितले. कोरणी चालवणारे पुष्कळ होते, पण बहुतेक जण दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करीत. स्वतः पाहून स्वतः रेखाटणारे थोडे. मेलाँ त्या थोड्यांपैकी झाले. त्यांनी काढलेली माणसांची रेखाचित्रे आजही जाणकार आवडीने पाहतात.

रोममध्ये ते बारा वर्षे राहिले. पोप आठवे अर्बन यांचा तो काळ. बेर्निनी संत पेत्राच्या महामंदिरात काम करीत होते. घुमटाखालच्या चार प्रचंड खांबांपैकी एका खांबासाठी फ्रांचेस्को मोकी हे वेरोनिकेचा भव्य पुतळा घडवीत होते. पोप अर्बन स्वतः लॅटिनमध्ये काव्य लिहीत. त्यांच्या १६३१ च्या काव्यसंग्रहाचे मुखपृष्ठ बेर्निनी यांनी रेखाटले व मेलाँ यांनी कोरले. व्हिंचेंझो जुस्तिनियानी या धनिकाच्या संग्रहातील प्राचीन पुतळ्यांची चित्रे कोरण्याच्या मोठ्या कामातही त्यांचा वाटा होता.

याच वर्षांत त्यांची शैली ठरली. इतर कारागीर सावली दाखवायला रेषांवर आडव्या रेषा मारीत, जाळे विणावे तसे. मेलाँ यांनी हळूहळू ती दुसरी रेषा सोडून दिली. शेजारी शेजारी धावणाऱ्या, एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा त्यांनी ठेवल्या. सावली हवी तेथे रेषा जाड करायची, उजेड हवा तेथे बारीक. अशा कामात चूक झाकायला जागा उरत नाही. जाळ्यात एखादी रेषा वाकडी गेली तरी खपून जाते. एकट्या रेषेचे वाकडेपण सर्वांना दिसते.

चंद्राचा चेहरा

१६३६ मध्ये ते फ्रान्सला परतण्यास निघाले आणि वाटेत दक्षिणेकडील एक्स या शहरी थांबले. तेथे निकोला फाब्री द पेरेस्क हे फार मोठे विद्वान राहत होते. देशोदेशींच्या पंडितांशी व मिशनऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. त्यांचे मित्र पिएर गासाँदी हे धर्मगुरू होते, तत्त्वज्ञ होते आणि खगोलशास्त्रज्ञही होते. १६३१ मध्ये सूर्यबिंबावरून जाणारा बुध ग्रह त्यांनी पाहिला होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गासाँदींचे नाव आमच्या अभ्यासात आले होते ते देकार्तचे टीकाकार म्हणून. दुर्बिणीला डोळा लावून रात्री जागवणारे गासाँदी आम्हांला पुष्कळ नंतर कळले.

या दोघांना चंद्राचा नकाशा हवा होता. त्यामागे व्यवहाराचे कारण होते. ग्रहणाच्या वेळी पृथ्वीची सावली चंद्रावरच्या एखाद्या डागावर केव्हा पोहोचते, ती वेळ दोन दूरच्या गावी नोंदली, तर त्या गावांमधले पूर्वपश्चिम अंतर काढता येते. पेरेस्क यांनी १६३५ च्या ऑगस्टमधील चंद्रग्रहण युरोप, कैरो व अलेप्पो अशा ठिकाणांहून पाहण्याची व्यवस्था केली. पूर्वेकडच्या निरीक्षणांत मिशनरी धर्मगुरूंचाही सहभाग होता. त्या नोंदींवरून असे दिसून आले की भूमध्य समुद्र नकाशांत दाखवत त्यापेक्षा सुमारे हजार किलोमीटर आखूड आहे. खलाशांसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

डाग ओळखायला नकाशा हवा, आणि नकाशाला मेलाँ यांचा हात हवा. ते दुर्बिणीतून चंद्र पाहून रेखाटू लागले. त्यांनी तीन चित्रे कोरली. एक वाढत्या अर्धचंद्राचे, एक पूर्णचंद्राचे आणि एक उतरत्या अर्धचंद्राचे. चंद्रावरचे डोंगर, खळगे, सावल्या त्यांनी जशा दिसल्या तशा मांडल्या, आपल्या पदरचे काही घातले नाही. दुर्बिणीच्या पहिल्या काळातील चंद्राच्या चित्रांत ही तीन चित्रे अतिशय सुंदर व विश्वासू मानली जातात.

बंधुभगिनींनो, ही वर्षे कोणती होती ते ध्यानात घ्यावे. २२ जून १६३३ रोजी रोममध्ये गॅलिलिओला दोषी ठरवण्यात आले होते. ज्या पोप महोदयांच्या काव्यग्रंथाचे मुखपृष्ठ मेलाँ यांनी कोरले, त्यांच्याच कारकिर्दीत हे घडले. पेरेस्क यांनी पोप महोदयांचे पुतणे कार्डिनल फ्रांचेस्को बार्बेरिनी यांना पत्रे लिहून वृद्ध गॅलिलिओसाठी दयेची विनंती केली, पण शिक्षा मागे घेतली गेली नाही. या प्रकरणात ख्रिस्तसभेच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांची चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये उघडपणे मान्य केले. तरीही त्याच काळात श्रद्धावंत माणसे, त्यांत धर्मगुरूही, रात्ररात्र आकाश पाहत होती. विज्ञानाच्या वर्गात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे दोन्ही सांगितले पाहिजे. एक सांगून दुसरे लपवणे खरे नव्हे.

२४ जून १६३७ रोजी पेरेस्क वारले आणि चंद्राचे काम तेथेच थांबले. पुढे इतरांनी नकाशे केले. १६५१ मध्ये येशूसंघीय धर्मगुरू रिच्चोली यांनी चंद्रावरील विवरांना नावे दिली, आणि त्यांतील पुष्कळ नावे आजही चालतात. गासाँदींचे नाव चंद्रावर आहे, पेरेस्क यांचेही आहे. मेलाँ यांची तीन चित्रे तेवढी मागे राहिली.

लुव्हरमधील कारागीर

१६३७ मध्ये मेलाँ पॅरिसला स्थायिक झाले. राजदरबारात त्यांची कदर झाली आणि लुव्हरमध्ये त्यांना राहण्यास व कामास जागा मिळाली. कार्डिनल रिशल्यू यांच्या पुढाकाराने १६४० मध्ये लुव्हरमध्ये राजाचा छापखाना सुरू झाला. त्या छापखान्याच्या थोर ग्रंथांची मुखपृष्ठे निकोला पुसाँ या महान चित्रकाराने रेखाटली आणि मेलाँ यांनी कोरली. १६४२ च्या बायबलचे मुखपृष्ठ त्यांपैकीच. त्यात वर परमेश्वर पिता हात पसरून आहे. खाली पंख असलेली एक स्त्री मागे वळून पाहत ग्रंथात लिहीत आहे, आणि डोक्यापासून वस्त्राने झाकलेली दुसरी स्त्री हातात छोटा स्फिंक्स धरून उभी आहे. एक इतिहास आणि दुसरी भविष्यवाणी, असा त्याचा अर्थ लावतात. जे घडले ते उघड असते, जे यायचे आहे ते झाकलेले असते, आणि दोन्हींवर एकाच देवाची छाया असते.

१६४९

त्या वर्षाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये बंडाळी माजली होती. दहा वर्षांच्या राजा चौदाव्या लुईला रातोरात शहराबाहेर न्यावे लागले, शहराला वेढा पडला, भाकर महाग झाली. पलीकडे इंग्लंडमध्ये जानेवारीतच राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. अशा वर्षी एक्कावन्न वर्षांच्या मेलाँ यांनी लुव्हरमध्ये वेरोनिकेचे कापड कोरले.

चित्र सुमारे ४३ सेंटिमीटर उंच व ३२ सेंटिमीटर रुंद आहे. कापडावरील प्रभू थेट आपल्याकडे पाहतो. डोळे उघडे आहेत, कपाळावर काटे आहेत, रक्त ओघळले आहे, पण चेहऱ्यावर त्रागा नाही. जवळ जाऊन पाहिले तर चेहरा नाहीसा होतो आणि फक्त फिरत जाणारी रेषा दिसते. दोन पावले मागे गेले की रेषा नाहीशी होते आणि चेहरा दिसतो. कोरणी एका फेऱ्यात कोठे पापणीवरून जाते, कोठे गालावरून, कोठे केसांतून. प्रत्येक ठिकाणी तिला किती जाड व्हायचे आणि किती बारीक हे आधीच ठाऊक असावे लागते.

चित्राखाली लॅटिनमध्ये थोडे शब्द आहेत. त्यांचा आशय असा की तो एकमेव, एकीनेच घडला, आणि दुसरा तसा नाही. यात श्लेष आहे. एकमेव म्हणजे पित्याचा एकुलता एक पुत्र, आणि एकी म्हणजे एकट्या कुमारी मरियेपासून तो मनुष्य झाला. त्याच वेळी अर्थ असाही होतो की हे एकमेव चित्र एकाच रेषेने घडले, आणि असे दुसरे कोणी करू शकणार नाही.

भक्ती की अहंकार?

येथे खरा प्रश्न उभा राहतो. हे शब्द प्रभूच्या स्तुतीचे की कारागिराच्या बढाईचे? काही टीकाकारांनी हे चित्र म्हणजे केवळ हातचलाखी आहे असे म्हटले. शेकडो चित्रे कोरणाऱ्या माणसाची आठवण लोकांनी या एका करामतीसाठीच ठेवली, हेही खरे आहे.

आम्हांला वाटते, दोन्ही अर्थ त्यांच्या मनात होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मनुष्याचे मन असेच असते. चर्चच्या सणाला वेदी सजवणारी ताई, नाताळचा गोठा रात्री जागून उभारणारे तरुण, गायनमंडळातला उंच आवाजाचा गायक, आणि प्रवचन चांगले झाले असे कोणी म्हणेल का याची वाट पाहणारा धर्मगुरू, या सर्वांत थोडी भक्ती आणि थोडा मीपणा एकत्र असतो. मीपणा पूर्ण जाईपर्यंत काम करायचे नाही असे ठरवले, तर एकही गोठा उभा राहणार नाही.

मग वेगळेपण कशात आहे? आमच्या मते ते त्या रेषेच्या दिशेत आहे. मेलाँ यांनी आपले सारे कौशल्य पणाला लावले, पण त्यातून जो चेहरा वर आला तो त्यांचा नव्हता. पाहणारा आधी करामतीने थक्क होतो, नंतर मात्र त्याची नजर त्या दोन डोळ्यांशी थांबते, आणि तेथे कारागीर मागे पडतो. ज्या कामाअखेर लोकांना आपणच दिसतो ते काम आपल्यापाशीच संपले. ज्या कामाअखेर लोकांना प्रभू दिसतो त्यात आपला थोडा मीपणा असला तरी तो धुऊन निघतो.

तत्त्वज्ञानात एक आणि अनेक हा फार जुना प्रश्न आहे. अनेक तुकड्यांचे हे जग एकाच मुळापासून कसे आले? ग्रंथांतून तो कळायला आम्हांला बराच काळ लागला. या चित्रापाशी तो लहान मुलालाही दाखवता येतो. डोळा वेगळा, काटा वेगळा, अश्रू वेगळा, पण रेषा एकच. आपल्या जीवनातही सुखाचे दिवस, आजारपणाचे दिवस, घरातल्या भांडणांचे दिवस आपल्याला तुटक वाटतात, कारण आपण पत्र्याला नाक लावून पाहत असतो.

अखेरची वर्षे

मेलाँ यांना दीर्घायुष्य लाभले. १६६० मध्ये राजाने कोरीवकाम ही कारागिरांच्या संघाच्या बंधनांतून मुक्त अशी कला असल्याचे जाहीर केले, तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. रोबेर नाँतय यांच्यासारखी नवी पिढी पुढे आली होती आणि लोकांची आवडही बदलली होती. तरी सत्तरी उलटल्यावरही ते राजाच्या संग्रहातील पुतळ्यांची चित्रे कोरीत होते, आपल्या त्याच साध्या, न छेदणाऱ्या रेषांनी. त्यांनी एकूण सुमारे चारशे चित्रे कोरली. त्यांत संत आहेत, पोप महोदय आहेत, पंडित आहेत, पुतळे आहेत आणि चंद्र आहे. ९ सप्टेंबर १६८८ रोजी नव्वदाव्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. वेरोनिकेच्या कापडाच्या प्रती आज पॅरिसचे राष्ट्रीय ग्रंथालय, लंडनचे ब्रिटिश म्युझियम व न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन म्युझियम येथे जपून ठेवल्या आहेत.

पुढच्या वेळी क्रूसाची वाट करताना सहाव्या स्थानापाशी आपण क्षणभर अधिक थांबावे अशी आमची विनंती आहे. वेरोनिकेने मोठे काही केले नाही, हाताशी असलेले कापड पुढे केले. मेलाँ यांनी हाताशी असलेली कोरणी पुढे केली. आपल्याही घरात, शेजारी, इस्पितळातल्या खाटेवर असे एखादे मुख आहे जे पुसण्याची वाट पाहत आहे. त्यासाठी आपल्या हाताशी जे काही आहे, ते या आठवड्यात पुढे करू या.

आपले धर्मगुरू